सुटलेला मेल मागे फिरतो का?



ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस म्हणजे द्राक्ष बागायतदाराच्या डोळ्याला डोळा न लागण्याचे दिवस. आभाळ भरून आले की केवड्याची धास्ती. त्या दिवसांत रात्री नऊनंतर माझ्या दारावर थाप पडली की मी आधी चष्मा शोधतो, कारण कोणीतरी हातात पान घेऊन आलेले असते.

गेल्या हंगामात अशीच एक थाप पडली. शेजारच्या गावचे एक बागायतदार आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा दारात उभे होते. त्या गृहस्थांना आपण नुसते आबा म्हणू. मुलाच्या हातात पान नव्हते, मोबाईल होता. मान मात्र खाली होती.

"साहेब, पोरानं मेल भलत्याच माणसाला धाडलाय," आबा म्हणाले. "तो माघारी आणता येतोय का बघा."

आधी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. ती तुम्हीही ऐका, कारण आज अशी चूक कोणाच्याही घरात होऊ शकते.

घडले ते असे

आबांना नव्या बागेच्या मंडपासाठी कर्ज काढायचे होते. बँकेने सांगितले, की कागदपत्रे शुक्रवारपर्यंत ई-मेलने पाठवा. मुलाने बुधवारी संध्याकाळी सारे कागद मोबाईलवर स्कॅन केले. सातबारा, आठ-अ, आबांचे आधार, पासबुकाचे पहिले पान आणि आजवरच्या देण्याचा सगळा तक्ता. सोसायटीचे किती, पाहुण्यांकडून हातउसने किती, औषध दुकानाची उधारी किती, सगळे त्यात होते. जमीन आबांच्या आणि त्यांच्या विधवा बहिणीच्या सामाईक नावावर आहे. त्यामुळे आक्कांचे आधारही त्यात होते.

मुलाने पत्त्याच्या रकान्यात पहिली तीन अक्षरे टाकली. खाली लगेच नावांची यादी आली. घाईत त्याने वरचेच नाव दाबले आणि मेल सोडून दिला. ते नाव बँकेचे नव्हते. ते तालुक्याच्या गावातील औषध दुकानदाराचे होते. जीएसटीचे बिल मागवण्यासाठी त्याने सहा महिन्यांपूर्वी त्यांना एकदा मेल केला होता, तेव्हापासून ते नाव यादीत बसून राहिले होते. म्हणजे ज्यांची उधारी थकली होती, त्यांच्याच हाती आबांच्या साऱ्या देण्याचा हिशेब गेला.

चूक मुलाच्या लगेच ध्यानात आली, पण भीतीने त्याने घरात कोणाला सांगितले नाही. पाठवलेल्या मेलांच्या पेटीतून त्याने तो मेल पुसून टाकला. आपल्याकडचा पुसला म्हणजे पलीकडचाही जाईल, अशी त्याची समजूत. तेवढ्याने मन राहिना, म्हणून त्याने दुकानदाराला एकामागून एक तीन मेल केले: "चुकून गेलाय, उघडू नका", "कृपया डिलीट करा" आणि "अर्जंट". दोन दिवस असेच गेले. शुक्रवारी दुपारी बँकेतून आबांना फोन आला, "कागद अजून आले नाहीत." आबा म्हणाले, "पाठवलेत की." मग घरात सगळे बाहेर पडले.

मेल जातो तरी कसा?

पोस्टात टाकलेले पत्र पेटीत पडते, पिशवीत जाते, गाडीत चढते, दुसऱ्या पोस्टात उतरते आणि मग पोस्टमन ते दारी आणतो. या प्रवासाला दिवस लागतात. म्हणूनच पत्र वाटेत असेपर्यंत अर्ज करून, फी भरून ते परत मागण्याची सोय टपालाच्या नियमांत होती. ई-मेलचा प्रवास मात्र डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपतो.

एका संगणकावरून जाळ्यातल्या दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवण्याची ही रीत अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली सुरू केली. पत्त्यातील ॲट हे वेटोळे चिन्हही त्यांनीच निवडले. पुढे १९८२ साली एका कंपनीच्या संगणकाने दुसऱ्याला मेल कसा द्यावा, याचे नियम लिहून काढले गेले. आजही मेल मुळात त्याच रीतीने जातो. आपला संगणक म्हणतो, "अमक्याकडून पत्र आहे, तमक्याला द्यायचे आहे." पलीकडचा म्हणतो, "ठीक, घेतले." एवढे झाले की व्यवहार पुरा. त्या नियमांत "दिलेले परत द्या" असा हुकूमच नाही.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. दारे मोडून पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात गेले तर पुढचे पाणी अडवता येते, पण मुरलेले ओंजळीने परत आणता येत नाही. मेलही तसाच. तुमच्याकडची प्रत पुसलीत तर फक्त तुमचीच प्रत जाते, समोरच्याची त्याच्या पेटीत तशीच राहते. उलट तुमच्या हातचा पुरावा जातो. त्या मुलाला नेमके कोणते कागद गेले ते आता आठवेना. नशिबाने जीमेलमध्ये पुसलेला मेल ट्रॅशच्या पेटीत ३० दिवस राहतो. तेथून तो काढला तेव्हा यादी करता आली.

मग "अनडू" म्हणजे काय?

मुलगा म्हणाला, "पण काका, अनडू सेंड म्हणून असतंय की!" असते. परंतु ते गेलेला मेल मागे आणत नाही, मेल जायचाच थोडा थांबतो.

तालुक्याच्या कचेरीत शिपायाच्या हाती टपाल द्यावे आणि सांगावे, "अर्धा मिनिट दारात थांब, मग पेटीत टाक." त्या अर्ध्या मिनिटात हाक मारली तर तो मागे वळतो. एकदा पेटीत पडले की पडले. जीमेलची अनडूची सोय अशीच आहे. मेल पाठवल्यावर खालच्या बाजूला एक पट्टी दिसते, तिच्यावर अनडू असे लिहिलेले असते. ते लगेच दाबले तर मेल थांबतो आणि पुन्हा दुरुस्तीसाठी उघडतो. पट्टी गेली की संधी गेली.

ही मुदत आपण वाढवू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूळची मुदत अवघी ५ सेकंदांची असते. ती १०, २० किंवा जास्तीत जास्त ३० सेकंद करता येते. त्यासाठी संगणकावर जीमेल उघडा, उजव्या कोपऱ्यातील दातेरी चाकावर टिचकी द्या आणि सगळ्या सेटिंग्ज उघडा. पहिल्याच पानावर अनडू सेंड असे लिहिलेले सापडेल. तेथे ३० निवडा आणि पानाच्या अगदी तळाशी जाऊन बदल जतन करा. तळाचे बटण दाबायचे राहिले तर सगळी मेहनत फुकट. घरी संगणक नसेल तर मुलांनी कॉलेजातल्या संगणकावर हे एकदा करून घ्यावे. मात्र उठताना खात्यातून बाहेर पडायला विसरू नये.

आपल्याकडच्या कमी रेंजचाही कधी कधी फायदा होतो. रेंज नसताना पाठवलेला मेल मोबाईलमध्येच आऊटबॉक्स नावाच्या पेटीत अडून बसतो. जड फोटो असले तर आणखी वेळ लागतो. चूक कळताच मोबाईलचे विमानाच्या चित्राचे बटण दाबून इंटरनेट तोडा आणि ती पेटी पाहा. मेल तेथे असेल तर पुसून टाका. मात्र यावर विसंबून राहू नका.

माझी स्वतःची फजिती

मुलाचा चेहरा पाहून मी त्याला माझीच गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

काही वर्षांपूर्वी ठिबकच्या अर्जदारांची एक यादी मला एका कारकुनाला पाठवायची होती. यादीत नावे, मोबाईल नंबर आणि बँक खात्यांचे नंबर होते. आलेल्या मेलला उत्तर देताना मी "सर्वांना उत्तर" हे बटण दाबले. कारकुनासोबत मूळ मेलमधल्या सगळ्यांना यादी गेली. त्यात दुकानदार होते, कंपन्यांचे प्रतिनिधी होते.

कचेरीच्या संगणकावर आऊटलुक होते. त्यात मेल परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची सोय असते. मी मोठ्या विश्वासाने ती वापरली. नंतर समजले, की पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच संस्थेच्या मेल-व्यवस्थेत असतील तरच तिचा उपयोग. बाहेरच्यांच्या बाबतीत ती चालत नाही. बाहेरच्यांना एवढेच कळले, की "हे साहेब आपला मेल परत मागत आहेत." ज्यांनी तो उघडलाही नव्हता त्यांनी मग मुद्दाम उघडून पाहिला! झाकलेल्या टोपलीवर "आत पाहू नका" अशी चिठ्ठी लावल्यासारखे झाले.

शेवटी वरिष्ठांना सांगितले आणि यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला फोन करून कळवले, की तुमचा नंबर माझ्या चुकीने बाहेर गेला आहे, कोणी योजनेच्या नावाने फोन केला तर काही सांगू नका. फोन करताना लाज वाटली. पण पुढच्याच आठवड्यात एकाने मला सांगितले, "साहेब, असा फोन आला होता. तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून ठेवून दिला." त्या एका वाक्याने लाज फिटली.

त्या रात्री आम्ही काय केले

मी मुलाला पहिला प्रश्न विचारला, "बँकेला पुन्हा मेल केलास का?"

तो गप्प. दोन दिवस त्याच्या डोक्यात फक्त दुकानदार होता. बँकेचा मेल अजून द्यायचाच राहिला आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. बंधूंनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. मेल भलत्या माणसाला गेला हे अर्धेच नुकसान असते. खऱ्या माणसाला तो मिळाला नाही, हे उरलेले अर्धे. पहिले पुरते भरून येत नाही, पण दुसरे लगेच भरून काढता येते. माणूस मात्र पहिल्याची चिंता करीत दुसरेही घालवतो.

म्हणून आधी बँकेचा पत्ता बँकेच्या पत्रावरून अक्षर अक्षर लावून पाहिला आणि मेल पाठवला. सकाळी शाखा उघडताच आबांनी फोन करून चूक सांगितली. मॅनेजरसाहेबांनी मेल पाहिला आणि प्रकरण पुढे घेतले. दोन दिवस आधी सांगितले असते तर शुक्रवार टळला नसता आणि ही विनवणी करावी लागली नसती.

दुसरे काम दुकानदाराचे. आणखी मेल नको, आबांनी स्वतः भेटावे असे मी सुचवले. ओळखीच्या माणसाशी मेलवर वाद घालण्यापेक्षा समोरासमोर दोन शब्द बरे. अनोळखी माणूस असता तर मी एकच छोटा मेल लिहायला सांगितला असता. तो असा लिहावा:

"नमस्कार. आज संध्याकाळी माझ्याकडून चुकून आपल्या पत्त्यावर एक मेल आला आहे. तो आपल्यासाठी नव्हता. कृपया तो व त्यासोबतचे कागद पुसून टाकावेत, पुढे कोणाला पाठवू नयेत आणि पुसल्याचे कळवावे. तसदीबद्दल क्षमस्व."

एवढे पुरे. कागदांत काय आहे ते लिहू नये, कायद्याची धमकी देऊ नये आणि आर्जवही फार करू नये. जितके जास्त लिहाल तितके समोरच्याचे कुतूहल वाढते.

तिसरे काम सर्वांत अवघड होते. "आक्कांना सांगितलं का?" मी विचारले. आबा म्हणाले, "तिला कशाला घोर लावायचा?"

मी म्हणालो, "आबा, आधार त्यांचं आहे. धोका त्यांचा आहे. त्यांना कळायलाच हवं."

कोणत्या कागदाचा काय धोका?

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण गाफीलही राहू नये.

सातबारा ऑनलाईन कोणालाही पाहता येतो. तो गेल्याने फार बिघडत नाही. नुसत्या खाते नंबरवरून कोणी पैसे काढू शकत नाही. परंतु ज्याच्याकडे तुमचे नाव, गाव, खाते आणि कर्जाची रक्कम आहे, तो फोनवर हुबेहूब बँकेच्या माणसासारखा बोलू शकतो. "आबा, तुमचं अमुक लाखाचं प्रकरण मंजूर झालंय, आलेला ओटीपी सांगा," असे तो म्हणाला की भलेभले फसतात. म्हणून कागद बाहेर गेल्यावर पुढचे काही महिने अशा फोनना उत्तर देऊ नये. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये, मॅनेजरचे नाव घेतले तरी नाही. शाखेला मात्र झाला प्रकार कळवून ठेवावा.

आधारचे तसे नाही. आपल्या गावात बँकमित्राकडे आधार नंबर आणि अंगठा देऊन पैसे निघतात. आक्कांची पेन्शन अशीच निघते. नुसत्या नंबराने पैसे निघत नाहीत, अंगठाही लागतो. परंतु बोटांचे ठसे चोरून पैसे काढल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. म्हणून आधार प्राधिकरणाने बायोमेट्रिक लॉकची सोय ठेवली आहे. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून अंगठ्याला कुलूप लावता येते. त्यासाठी आधारशी मोबाईल नंबर जोडलेला हवा. हे कुलूप लावले की बँकमित्राकडे तुमचाही अंगठा चालत नाही. पैसे काढायच्या वेळी ते तात्पुरते उघडावे लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून द्या, नाहीतर पेन्शनच्या दिवशी त्यांचा हेलपाटा होईल. आधारबाबत काही विचारायचे असेल तर १९४७ हा क्रमांक आहे. आणि खात्यातून पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो. मुलाने आत्यासमोर बसून सगळे सांगितले. आक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आरं, कागुद गेला तर गेला. पण दोन दिस तू जेवला न्हाईस, आन मला वाटलं तुला ताप आलाय. आदी सांगायचं न्हवं का?"

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तेथेच आक्कांच्या अंगठ्याला कुलूप लावले आणि ते कसे उघडायचे हेही त्यांना दाखवले.

साप चावलेले पोर मार बसेल म्हणून गप्प बसले तर विष चढत जाते. फवारणी करताना चक्कर आलेला गडी हसतील म्हणून बोलला नाही तर जीव गमावतो. चुकीच्या मेलचेही तेच आहे. म्हणून थोरल्यांना माझे सांगणे आहे, घरातले पोर अशी चूक घेऊन आले तर आधी त्याला जवळ बसवा आणि रागवायचे नंतर पाहा. पहिल्याच दिवशी ओरडलात तर पुढची चूक तुम्हाला कधीच कळणार नाही.

व्हॉट्सॲपचे काय?

व्हॉट्सॲपवर चुकीच्या गटात गेलेला निरोप सर्वांकडून पुसता येतो. त्यासाठी "डिलीट फॉर एव्हरीवन" निवडावे. २०२२ पासून यासाठी सुमारे अडीच दिवसांची मुदत मिळते. शेजारीच "डिलीट फॉर मी" असे दुसरे बटण असते. ते घाईत दाबले तर निरोप फक्त तुमच्याकडून जातो आणि बाकी सर्वांकडे राहतो. तसे झाले तर खाली काही सेकंद अनडू दिसते, ते दाबून पुन्हा पहिले बटण निवडा. तरीही ज्याने फोटो जतन करून ठेवला, त्याच्याकडे तो राहतोच. आणि पुसल्याची खूणही सर्वांना दिसते.

चूक होऊच नये म्हणून

आपण औषधाचा पंप भरण्याआधी बाटलीवरचे लेबल वाचतो. तणनाशकाची बाटली बुरशीनाशकाची समजून पंपात ओतली आणि बागेवर मारली, तर ती फवारणी मागे घेता येत नाही. मेल पाठवतानाही आधी लेबल वाचायची सवय ठेवा. माझ्या काही सवयी देतो:

१. पत्ता सर्वांत शेवटी टाका. आधी मजकूर लिहा, कागद जोडा, वाचून पाहा आणि मग पत्ता लिहा. पत्त्याविना मेल चुकून सुटूच शकत नाही. ही एक सवय बाकी सगळ्यांना पुरून उरते.

२. यादीत आपोआप येणाऱ्या नावावर भरवसा ठेवू नका. नुसते नाव पाहू नका, पूर्ण पत्ता वाचा. जुने, नको असलेले पत्ते संपर्कयादीतून काढून टाका.

३. जीमेलच्या पत्त्यात नावामधला टिंब असला काय, नसला काय, फरक पडत नाही. इतर पत्त्यांत मात्र पडू शकतो. एखादे अक्षर चुकले आणि असा पत्ता अस्तित्वातच नसला, तर बहुधा "ॲड्रेस नॉट फाउंड" अशा अर्थाचा मेल परत येतो. तसे झाले तर कागद कोणाला मिळाले नाहीत असे समजा आणि बरोबर पत्त्यावर पुन्हा पाठवा. असा मेल आला नाही, तर कोणालातरी मिळाले असे धरून चाला.

४. "उत्तर" आणि "सर्वांना उत्तर" ही दोन वेगळी बटणे आहेत. माझी फजिती आठवा.

५. महत्त्वाचे कागद पीडीएफ करून त्याला पासवर्ड लावा आणि पासवर्ड फोनवर सांगा. मेल चुकला तरी समोरच्याला कागद सहजी उघडणार नाही. किंवा कागद ड्राइव्हवर ठेवून फक्त त्याची लिंक पाठवा. चूक कळली की त्या कागदाची परवानगी काढून घेता येते. तोवर त्याने उतरवून घेतला नसेल तर कागद वाचला.

६. चालत असेल तेथे मास्क्ड आधार द्या. त्यात नंबराचे पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येते.

७. मेल पाठवल्यावर फोन करून "मिळाला का?" असे विचारा. मुलाने बुधवारी बँकेला एक फोन केला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसऱ्याचा मेल आपल्याकडे आला तर

पूर्वी पोस्टमन चुकून शेजारच्याचे पत्र आपल्या घरी टाकी. आपण ते फोडत नसू. कोणाच्या घरी लेकीचे दुखणे असेल, कोणाचे कोर्टाचे काम असेल. आपण ते नेऊन देत असू आणि त्यात काय असेल याची चर्चा पारावर करीत नसू. मेलच्या बाबतीतही तीच रीत ठेवावी. दुसऱ्याचा मेल आला तर जोडलेले कागद उघडू नयेत. "हा आपला मेल चुकून माझ्याकडे आला आहे, मी पुसून टाकतो," असे दोन ओळींत कळवावे आणि खरोखर पुसावा. मात्र अनोळखी मेलमध्ये लिंक असेल किंवा पैशाचे आमिष असेल, तर उत्तरही देऊ नये. तो चुकून आलेला मेल नसून फसवणुकीचा असू शकतो.

शेवट सांगायचा राहिला. आबा शनिवारी दुपारी दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्यादेखत मेल पुसला, ट्रॅशमधूनही काढला. चहा पाजला. उधारीचा शब्द काढला नाही. त्यांनी मेल वाचला होता की नाही, हे आबांनी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आबांचे कर्ज मंजूर झाले, मंडप उभा राहिला. आबांनी त्यातून नव्हे, तर पहिल्या तोडीच्या पैशातून दुकानाची उधारी आधी फेडली.

"कागद पुसला, साहेब," ते मला परवा म्हणाले, "पण त्या दुकानाची पायरी चढताना अजून पाय जरा जड होतोय."

मेल सोडण्याआधी पत्त्यावरून एकदा बोट फिरवायला पाच सेकंद लागतात. ते पाच सेकंद आबांच्या मुलाने आता स्वतःला लावून घेतले आहेत. तुमच्या घरातल्या मुलामुलींनाही हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि अनडूची मुदत ३० सेकंद करून घ्या.

कळावे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी